धुरात हवा मिसळल्याबद्दल

म्हैसूरच्या विजयनगरात राहणारे अरुण सोवनी हे कायदा पाळणारे गृहस्थ होते, आणि त्यांचा हा दोष बरीच वर्षं घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हता. बारा वर्षांपूर्वी ते पुण्याहून नंजनगूडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आले. तिथे त्यांनी एकट्याने एकेचाळीस फॉर्म तयार केले. त्यांतला एकेचाळिसावा आधीच्या चाळीस फॉर्ममधल्या चुका कळवण्यासाठी होता. 'कागद बरोबर, तर माल बरोबर' हे त्यांचं स्वतःचं वाक्य विभागाच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं. भर दुपारी सुनसान चौकातसुद्धा ते लाल दिव्याला एकटे थांबत, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून त्यांना माणसांत आणायचा प्रयत्न करत.

त्यांच्याकडे एक चौदा वर्षांची परदेशी बनावटीची गाडी होती. गाडी दिसायला भारदस्त, बसायला ऐसपैस आणि चढाला मात्र नेभळट. गेल्या दिवाळीत साताऱ्याहून सासू-सासरे आले, म्हणून सोवनी त्यांना आणि बायकोला, कांचनला, घेऊन चामुंडी टेकडीवर निघाले. चढावरच्या मोठ्या दगडी नंदीच्या अलीकडच्या वळणावर गाडीने पहिल्या गिअरमध्ये उसासा टाकला आणि ती थांबली. एसी बंद केला, काचा उघडल्या, उपयोग नाही. आधी सासरे उतरले. मग सासूबाई उतरल्या. शेवटी कांचनही उतरली, तेव्हा कुठे गाडी हलली, आणि तिघांना रस्त्याच्या कडेला सोडून एकटे सोवनी देवदर्शनाला पुढे गेले. मागून आलेल्या सिटीबसमधली माणसं वाकून वाकून बघत होती.

कांचन चिडली असती तर परवडलं असतं. ती शांत राहिली. घरी आल्यावर चहाचा कप ठेवत म्हणाली, "ही गाडी चौघांना घेऊन वर पोचेल, त्या दिवशी मी पुढच्या सीटवर बसेन. तोवर बस काय वाईट आहे?"

आणि खरंच ती बसने जायला लागली. बाजाराला बसने, दवाखान्यात बसने, लग्नाच्या रिसेप्शनला जरीची साडी नेसून बसने. सोवनींच्या शेजारची सीट रिकामी पडली. तिच्यावर ते डब्याची पिशवी ठेवत. डबा जरा जड असला की गाडी पट्ट्यासाठी टिंग टिंग करी, म्हणून पिशवीला पट्टाही लावत. बावीस वर्षांच्या संसारानंतर पिशवीला पट्टा लावताना माणसाला काय वाटतं ते लिहायला त्यांच्याकडे फॉर्म नव्हता, पण वाटायचं. फार वाटायचं. पुढच्या दिवाळीला सासू-सासरे पुन्हा येणार होते. तोवर काय वाटेल ते करून गाडी वर चढवायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

उपाय समोरच दिसत होता. कॉलनीतल्या प्रत्येक नव्या गाडीच्या पाठीवर हल्ली 'टर्बो' लिहिलेलं असतं. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबून त्याचा जोर वाढवतो, हे सोवनींनी वाचून काढलं, समजून घेतलं आणि आपल्याही गाडीला टर्बो बसवायचा निर्णय घेतला. त्यासाठी ते मेटगळ्ळीला भुवनच्या गॅरेजमध्ये गेले.

भुवन हा तिशीतला मेकॅनिक जुन्या म्हैसुरी मराठ्यांतला. त्याचे पूर्वज राजाच्या घोडदळातून इथे आले आणि इथलेच झाले. घोड्यांशी नातं तेवढं सुटलं नव्हतं. आता तो लोकांच्या इंजिनांत घोडे वाढवून देत असे. घरात मराठी, गॅरेजात कन्नड, आणि गिऱ्हाईक मराठी निघालं की दोन्ही एका वाक्यात, असा त्याचा रिवाज होता.

त्याने बॉनेट उघडलं आणि एका डबीएवढ्या पंपावर बोट ठेवलं. टर्बो जिथे बसायचा, तिथेच हा पंप ठाण मांडून होता. इंजिन थंड असताना पहिलं मिनीट-दीड मिनीट पेट्रोल धड जळत नाही. ते कच्चं पेट्रोल धुराबरोबर बाहेर जाऊ नये म्हणून हा पंप बाहेरची ताजी हवा ओढतो आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी सोडतो, की उरलंसुरलं तिथेच जळून जातं. मग पंप आपोआप बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"सर, हे सगळेच काढतात," भुवन म्हणाला. "इथे एक पत्र्याची पट्टी मारली की भोक बंद. तिथे एक बारीक कार्ड बसवलं की डॅशबोर्डचा दिवा पण गप्प. सुम्ने अर्ध्या तासाचं काम."

सुम्ने म्हणजे उगीच, नुसतं, सहज. म्हैसुरात निम्मी कामं सुम्ने होतात आणि उरलेली निम्मी सुम्ने होत नाहीत. पण सोवनींचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी भुवनला समजावलं, की हा प्रदूषण रोखणारा भाग आहे, तो काढणं गुन्हा आहे, आणि सगळे काढतात हे कारण आपण ऐकलंच नाही असं आपण धरून चालतो. पंप राहिला पाहिजे आणि टर्बोही बसला पाहिजे.

भुवनने डोकं खाजवलं. आजवर त्याला असं कोणी सांगितलंच नव्हतं. पण एकदा मनावर घेतल्यावर गडी पाच आठवडे त्या गाडीत बुडाला. पंप उचलून बॅटरीच्या मागे नेला, लांब नळी वळवून आणली, टर्बोचा दाब उलटा पंपात शिरू नये म्हणून एकतर्फी झडप घातली, उष्णता लागू नये म्हणून पत्र्याचा आडोसा केला. शेवटी एका मित्राचं यंत्र आणून धूर मोजला. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्यापेक्षा स्वच्छ निघाली. भुवनने त्या नळीचा फोटो काढून घरी आईला पाठवला. इतकं चांगलं काम त्याने स्वतःच्या गाडीतसुद्धा केलं नव्हतं.

"आता फक्त कोणाला सांगू नका," तो म्हणाला.

सोवनी म्हणाले, आता परवानगी घेऊ. भुवनच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याने परोपरीने सांगून पाहिलं, की सर, विचारायचं नसतं, विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि त्यांना एकच उत्तर येतं. सोवनींनी ऐकून घेतलं आणि गाडीवर कव्हर घातलं. परवानगी मिळेपर्यंत सुधारलेली गाडी चालवणं बेकायदेशीर आहे असं त्यांचं स्वतःचंच मत पडलं. तेव्हापासून नवराही नंजनगूडला रेल्वेने जाऊ लागला आणि गाडी अंगणात विश्रांती घेऊ लागली.

परवानगी देणाऱ्या कार्यालयाचं नाव होतं 'वाहन अंगोपांग फेरबदल नोंद कक्ष'. तिसऱ्या मजल्यावरच्या या कक्षाचे अधीक्षक सुधींद्रराव हे अत्यंत सज्जन गृहस्थ होते, आणि पुढची सगळी अडचण त्यातूनच उद्भवली. मराठी माणूस आलेला बघून त्यांना आनंद झाला. त्यांच्याही घरात चार पिढ्या मराठी होती, जपून ठेवलेली. त्यांनी कॉफी मागवली. मग सोवनींचा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि डोळे पुसले. अठरा वर्षांच्या नोकरीत फेरबदल केल्याची कबुली द्यायला आपण होऊन आलेला हा पहिलाच माणूस होता. बाकीचे पकडून आणावे लागत. त्यामुळे आपण होऊन आलेल्या माणसाचं काय करायचं याची कार्यपद्धतीच कक्षाकडे नव्हती, पण ती आपण सोवनींसाठी तयार करू, असं त्यांनी आश्वासन दिलं.

पहिली अडचण अशी निघाली, की नोंदणी पुस्तकात पंपाचा उल्लेखच नव्हता. ज्या वस्तूची नोंद नाही ती हलवली असं सरकार कसं म्हणणार? आधी ती मूळ जागी होती हे सिद्ध व्हायला हवं. सोवनींनी जुने फोटो दाखवले. फोटोतल्या पंपाला सरकार पंप मानत नाही, असं सुधींद्ररावांनी फार हळुवारपणे सांगितलं. तेव्हा भुवनने टर्बो उतरवला, पंप पुन्हा मूळ जागी बसवला, आणि 'तपासणीसाठी जात आहे' अशी पाटी काचेवर लावून सोवनी गाडी घेऊन कक्षात हजर झाले. सुधींद्ररावांनी स्वतः वाकून पाहिलं आणि 'पंप जागेवर असल्याचा दाखला' दिला.

सोवनींनी घरी जाऊन दाखला फाइलला लावला. भुवनने पंप पुन्हा बॅटरीमागे नेला आणि टर्बो चढवला. आता नवीनच पेच पडला. पंप जागेवर असल्याचा दाखला असताना पंप जागेवर नसणं हा दाखल्याचा भंग ठरत होता. त्याबद्दल क्षमापत्र लागलं. क्षमापत्राला दोन महिने गेले, कारण क्षमा करण्याचा अधिकार ज्यांना होता ते प्रशिक्षणाला गेले होते.

सप्टेंबरात फाइल तांत्रिक अभिप्रायाला आली. अभिप्राय देणारेही सुधींद्ररावच होते. त्यांनी पुन्हा कॉफी मागवली आणि विचारलं, की हा पंप नेमकं करतो काय. सोवनींनी सांगितलं, धुरात ताजी हवा सोडतो.

सुधींद्ररावांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे भेसळ."

"भेसळ कशी? स्वच्छ हवाच आहे ती."

"नोडी, बघा सोवनी, गवळी पण स्वच्छच पाणी घालतो. दूध पातळ होतं की नाही? तसा तुमचा धूर पातळ होतो. तपासणीला आम्हांला निव्वळ धूर पायजे."

मग पंप बंद ठेवून तपासणी करावी, अशी तोड त्यांनी काढली. सोवनींनी त्यांच्याच कक्षाचं परिपत्रक काढून दाखवलं, की प्रदूषण रोखणारा कोणताही भाग बंद ठेवणं दंडनीय आहे. सुधींद्ररावांनी ते दोनदा वाचलं. खरंच तसं होतं, आणि खाली सही त्यांचीच होती. म्हणजे पंप चालूही असायला नको होता आणि बंदही असायला नको होता. सुधींद्ररावांनी आणखी एक कॉफी मागवली.

शेवटी सोवनींनी समजावलं, की तशी काळजीच नाही. पंप फक्त थंड इंजिनावर दीड मिनीट चालतो. तपासणी केंद्रापर्यंत गाडी चालवत नेली की इंजिन तापलेलं असतं, त्यामुळे तपासणीच्या वेळी तो आपला आपणच थांबलेला असतो.

"म्हणजे सरकार बघतं तेव्हा हा काहीच करत नाही?" सुधींद्ररावांनी विचारलं.

"नाही."

"आणि सरकार बघत नाही तेव्हा प्रदूषण कमी करतो?"

"हो."

सुधींद्ररावांनी चष्मा काढून फाइल जवळ ओढली. "सोवनी, अठरा वर्षांत असं उलटं यंत्र मी पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी फाइलवर शेरा लिहिला: 'यंत्राचे वर्तन संशयास्पद.' मात्र माणसावर विश्वास बसल्यामुळे त्याखाली त्यांनी एक सवलत दिली. सात दिवसांच्या आत प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र आणावं, आणि ते प्रत्यक्ष नळी घालून केलेल्या तपासणीचं असावं. 'प्रत्यक्ष नळी घालून' हे शब्द त्यांनी खास सोवनींसाठी घातले. एरवी ते कोणाला असा त्रास देत नसत.

सोवनींना सुट्टी मिळाली ती सातव्या दिवशी, आणि सातवा दिवस आयुधपूजेचा होता.

आपल्याकडे खंडेनवमीला करतात तीच ही पूजा, पण म्हैसुरात तिचा थाट काही औरच. त्या दिवशी हातोडीपासून बसपर्यंत आणि कात्रीपासून कॉम्प्युटरपर्यंत जे जे माणसाच्या कामाला येतं ते सगळं धुऊन, गंध लावून, हार घालून देवीपुढे ठेवतात. आणि एकदा पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कोणी हलवत नाही. सोवनी बारा वर्षं इथे राहत होते, पण या दिवशी ते दरवर्षी घरात बसून फॉर्म तपासत, म्हणून हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

तपासणी केंद्र म्हणजे रिंगरोडच्या कडेची एक पत्र्याची खोली. सीतालक्ष्मीबाई ती चालवत. खोलीत देवीचा फोटो, त्यापुढे पाटावर धूर मोजायचं यंत्र, यंत्राच्या नळीला झेंडूची माळ, नळीच्या टोकाला कुंकू, आणि टोकापासून हातभर अंतरावर निखाऱ्यांवर टाकलेला धूप. बाहेर केळीचे खांब बांधलेल्या, हार घातलेल्या गाड्यांची ही रांग लागलेली. मुहूर्त चांगला, म्हणून लोक वर्षाचं प्रमाणपत्र आजच काढून घेत होते. सीतालक्ष्मीबाई नंबरप्लेटचा फोटो काढत, आत जाऊन कागद छापत आणि प्रसादाच्या पुडीबरोबर हातात देत. कॉम्प्युटरची पूजा पहाटेच उरकून त्याला मोकळं केलं होतं, कारण कागद त्यातून निघतो. नळीची पूजा सावकाश चालली होती, कारण नळीची कोणाला घाई नव्हती.

सोवनींनी विचारलं, नळी न घालता आकडे येतात कुठून? सीतालक्ष्मीबाईंनी प्रेमाने सांगितलं, की काळजी नको, आकडे चांगले आहेत, गेल्या चार वर्षांत कोणाची तक्रार नाही.

सोवनींनी शेरा दाखवला. प्रत्यक्ष नळी घालून. बाईंनी तो वाचला आणि 'नाळे बन्नी', उद्या या, म्हणाल्या. सोवनींनी सातवा दिवस दाखवला. मागून हॉर्न वाजायला लागले. बाई पेचात पडल्या. सरकारचा शब्द मोडवत नव्हता आणि देवीपुढची नळी हलवणं तर शक्यच नव्हतं. सगळ्यांचं मन राखायची सवय असलेल्या त्या बाईंनी मग मधला मार्ग काढला. नळी हलणार नाही, पण यंत्र जागच्या जागी सुरू करता येईल. गाडी जेवढी जवळ आणता येईल तेवढी आणा.

सोवनींनी गाडी उलटी घेत घेत दारापर्यंत आणली. सायलेन्सर आणि नळी यांच्यात आता चार फूट अंतर उरलं, आणि त्या चार फुटांत निखाऱ्यावर धूप जळत होता. सोवनी तोंड उघडून काही म्हणणार, तोच बाईंनी बटण दाबलं. बिचारं यंत्र सकाळपासून रिकामं बसलं होतं. समोर जे आलं ते त्याने इमानाने मोजलं. पडद्यावरचा आकडा चढत गेला, लाल झाला, लुकलुकला आणि मोजपट्टीच्या बाहेर गेला. कॉम्प्युटरने तो तत्परतेने बंगळुरूच्या पोर्टलवर चढवला. त्या दिवशी त्या केंद्रावर त्रेसष्ट गाड्या पास झाल्या आणि एक नापास झाली. नापास झालेली ती एकटीच तपासलेली होती.

चौथ्या दिवशी सोवनींच्या फोनवर संदेश आला, की आपलं वाहन 'गंभीर प्रदूषक' या वर्गात गेलं आहे, अभिनंदन, आपला अभिप्राय कळवा.

सोवनी तडक सुधींद्ररावांकडे गेले. सुधींद्ररावांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी कॉफी मागवली, पण स्वतः घेतली नाही. निकाल रद्द करता येईल का, हा सोवनींचा प्रश्न त्यांनी नीट ऐकून घेतला.

"बाकी त्रेसष्ट जणांचा झाला असता रद्द," ते म्हणाले. "त्यांची तपासणीच झाली नाही. तुमची खरी झाली, सोवनी. खरा निकाल कसा रद्द करायचा?"

एकच वाट होती. बिघाड दुरुस्त केल्याचं दाखवायचं आणि पुन्हा तपासणी करायची. सोवनी म्हणाले, गाडीत बिघाडच नाही. सुधींद्ररावांनी हलकेच फाइल उघडली आणि स्वतःच्या शेऱ्यावर बोट ठेवलं. यंत्राचे वर्तन संशयास्पद. संशयित तर आधीपासूनच हजर होता. पंप दोषी ठरवून काढला, भोक पत्र्याने बंद केलं, तसं गॅरेजचं पत्र जोडलं, की दुरुस्ती झाली. दुरुस्ती झाली की गाडी पास. आणि पंप गेल्याने जागा रिकामी झालीच आहे, तर तिथे टर्बो बसवायला कक्षाची हरकत असायचं कारण नाही. सगळं दिवाळीच्या आत. फक्त एका निवेदनावर सही हवी होती.

निवेदन टाइप होऊन आलं. 'माझ्या वाहनातील हवा सोडणाऱ्या पंपामुळे प्रदूषण होत होते. सदर पंप काढून टाकल्याने हवेची गुणवत्ता सुधारली आहे.'

सोवनींनी पेन उघडलं आणि तसंच धरलं. दिवाळीला पंधरा दिवस होते. सकाळीच त्यांनी कांचनला स्टॉपवर पाहिलं होतं. हातात दोन पिशव्या, आणि बस भरून आलेली, म्हणून ती दुसऱ्या बसची वाट बघत उभी राहिलेली. तिने त्यांच्याकडे बघून हात केला होता. तक्रारीचा नव्हे, नुसताच. त्यांना फार वाईट वाटलं. एकीकडे हा धडधडीत खोटा कागद आणि एकीकडे ती सीट.

मग सवयीने त्यांनी कागद तपासला. तारीख होती. जावक क्रमांक होता. पानावर आकडा नव्हता, तो त्यांनी घालून घेतला. आता कागदात एकही चूक राहिली नव्हती. कागद बरोबर, तर माल बरोबर. त्यांनी सही केली.

भुवनने पंप काढला. अर्ध्या तासाचं काम होतं, सुम्ने, पण त्याने दीड तास लावला. एकेक नट जपून सोडला, नळी पुसली, झडप कापडात गुंडाळली आणि सगळं एका पिशवीत घालून सोवनींच्या हातात दिलं. मी पहिल्याच दिवशी सांगत होतो, असं तो म्हणू शकला असता. तो एवढंच म्हणाला, "सर, काम चांगलं झालं होतं माझं." सोवनींना त्याच्याकडे बघवेना.

दुसरी तपासणी झेंडूशिवाय झाली आणि नळीशिवायही झाली. सीतालक्ष्मीबाईंनी नंबरप्लेटचा फोटो काढला आणि आकडे चांगले आले. कक्षाचा आदेश तीन शिक्के घेऊन घरपोच आला. त्यात परवानगी तर होतीच, शिवाय 'धुरात हवा मिसळण्याची यंत्रणा स्वेच्छेने काढून पर्यावरणरक्षणास हातभार लावल्याबद्दल' वाहनमालकाचं कौतुक होतं. सोबत एक परिपत्रकही होतं. ज्यांच्या गाड्यांत असे पंप असतील त्यांनी श्री. सोवनी यांचा आदर्श समोर ठेवून ते तातडीने काढावेत, असं त्यात सुचवलं होतं. भुवनकडे आता या कामासाठी आठवडाभर आधी वेळ घ्यावी लागते.

दिवाळीत सासू-सासरे आले. पाडव्याच्या सकाळी कांचन अंगणात आली, पुढचं दार उघडलं, पट्टा सोडवून डब्याची पिशवी उचलली, मागे आईकडे दिली आणि बसली. सोवनींनी उगीच आरसा नीट केला.

गाडी काय चढली म्हणता! चौघं आत, एसी चालू, आणि तिसरा गिअर. गेल्या वर्षीच्या वळणावर सासरे सवयीने दाराच्या कडीला हात घालून बसले होते, पण गाडी तिथून सरळ पुढे गेली. नंदीच्या वर एका सिटीबसला त्यांनी मागे टाकलं. कांचन हसली, मान वळवून त्या बसकडे बघत राहिली आणि मग तिने गिअरवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला. वर्षभराचं सगळं फिटलं असं सोवनींना वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

दर्शनाच्या रांगेत तीन तास गेले. तोवर इंजिन गार पडलं होतं. खाली निघताना सोवनींनी चावी फिरवली, तशी मागून भपकन कच्च्या पेट्रोलचा धूर निघाला आणि वाहनतळावर पसरला. मागच्या गाडीतल्या माणसाने खोकत खोकत काच वर केली आणि असल्या गाड्या रस्त्यावर येतातच कशा, सरकार झोपा काढतं काय, असं मोठ्याने विचारलं.

"हा वास आपल्या गाडीचा?" कांचनने विचारलं.

"आपल्याकडे प्रमाणपत्र आहे," सोवनी म्हणाले.

"त्याच्याकडेही असेल," कांचन म्हणाली.

होतं. त्या मागच्या गाडीत तुम्ही होता की नाही ते मला ठाऊक नाही. पण रागावण्याआधी तुमच्या डॅशबोर्डच्या खणातला कागद एकदा काढून बघा. दसऱ्याला हार घालायला तुम्ही गाडीच्या पुढे उभे होता, हे तर नक्कीच. कागदावरच्या फोटोत नंबरप्लेटवर झेंडू दिसतोय. नळी घातली तेव्हा गाडीच्या मागे कोण उभं होतं, ते आठवत असेल तर सुधींद्ररावांना जरूर कळवा. ते कॉफी मागवतील. अशी माहिती द्यायला आजवर कोणीच न आल्यामुळे त्यांच्याकडे तिचा फॉर्म नाही, पण सोवनींनी बेचाळिसावा तयार ठेवला आहे.